बिनवासाचं तेल

बंदुकीची आठवण सांगतो म्हटल्यावर तुम्ही मांडी सावरून बसला असाल. आता वाघ येणार, नाहीतर दरोडा पडणार, निदान कोणाच्या तरी पोटरीत छर्रा घुसणार. आधीच सांगतो, यातलं काही होत नाही. ती बंदूक आमच्या खोलीत एकदाही उडाली नाही. ती उडायची शिवडीच्या खाजणात, मुठीएवढ्या पाखरांवर, आणि बहुतेक पाखरं संध्याकाळी आपापल्या घरी सुखरूप जायची. आमच्या घरी यायचा तो तिचा वास. ही सगळी गोष्ट त्या वासाची आणि तेलाची आहे. उठायचं असेल तर आत्ताच उठा, मी वाईट वाटून घेणार नाही. त्या दिवसांत मला तसंही फारसं काही वाटत नसे.

मी वेंगुर्ल्याच्या शाळेत शिकलो. शिकलो म्हणजे मास्तरांचं चालणं, खोकणं आणि पट्टी उचलणं एवढं मला हुबेहूब यायला लागलं. मग घरच्यांनी आगबोटीत बसवून मुंबईला ताईकडे पाठवलं. नोकरी बघ म्हणाले. खरं कारण आईने धक्क्यावर हळूच सांगितलं, "तिच्याजवळ रहा. काही बोलू नकोस, नुसता रहा." मी काही न बोलता राहणार, हे आईला कसं वाटलं कोण जाणे.

ताई घोडपदेवच्या चाळीत राहायची. खोलीत तिघं, ताई, भावोजी आणि ताईची सासू. ताई सासूला आत्याबाई म्हणायची, म्हणून मीही म्हणायला लागलो. ताईला दिवस गेले होते. आधीची दोन पाचवा महिना लागायच्या आत गेली होती. दुसऱ्या खेपेनंतर ताईचं रडणं संपलं, असं आई म्हणाली होती, त्याचा अर्थ मला इथे आल्यावर कळला. ती भाकऱ्या थापायची, भांडी घासायची, विचारलं तर उत्तर द्यायची. पण सगळं असं की दुसऱ्याच कोणाचं तरी काम अंगावर घेतलंय. घरात पोराबद्दल कोणी शब्द काढत नसे. डोहाळे कोणी विचारत नसे. आत्याबाई महिनासुद्धा मोजत नव्हती, निदान तोंडाने तरी. मी पहिल्या दिवशी बोटीच्या तांडेलाची नक्कल केली. मध्येच भावोजी म्हणाले, "मीठ दे." तांडेल तिथेच बुडाला.

ठाकूरद्वारच्या वैद्याने एकच गोष्ट सांगितली होती. हिच्या पोटात अन्न ठरलं तर बाकीचं ठरेल. आणि अन्न ठरत नव्हतं ते बंदुकीपायी.

त्याचं असं की भावोजी पलटणीतून सुटून एका गिरणीच्या फाटकावर नाईक म्हणून लागले होते. गिरणीच्या गोऱ्या मॅनेजरला पाखरांच्या शिकारीचा नाद. रविवार आला की साहेब खाजणात, भावोजी मागे बंदूक घेऊन. दुनळी होती, विलायती, दस्त्यावर वेलबुट्टी. बार काढून झाले की नळीत काळी राड धरते. खाऱ्या हवेत ती एक रात्र राहिली तरी गंज चढतो, म्हणून साफसफाई त्याच संध्याकाळी व्हायला हवी. आधी ती साहेबाच्या बंगल्यावर होत असे. पण मडमेला वास सोसेना. मग साहेब म्हणाला, "नाईक, घरी घेऊन जा. नजरेआड करायची नाही." परवाना साहेबाच्या नावाचा, त्याची चिठ्ठी भावोजींच्या खिशात, आणि वास आमच्या खोलीत.

नाही म्हणायची सोय नव्हती. फाटकाची नोकरी भावोजींना मिळाली होती ती बंदूक सांभाळता येते म्हणूनच, आणि खोली होती ती नोकरीमुळे.

वास म्हणजे कसा, सांगतो. जळक्या दारूवर उकळतं पाणी ओतलं की शंभर नासकी अंडी एकदम फुटल्यासारखं होतं. त्यावर घासलेटची चिंधी फिरवायची. शेवटी तेल द्यायचं. भावोजी मुशी माशाचं तेल देत, बाजूच्या कोळणीकडून आणलेलं, होडीला लावतात ते. आम्ही मासे खाणारी माणसं, पण त्या तेलापुढे सुका बोंबीलसुद्धा मोगरा वाटेल. ताई दारात जाऊन बसायची. परत यायची, घास घ्यायची, आणि तो घास बाहेर यायचा. वास सोमवारी असायचा, मंगळवारी असायचा, गोधडीत शिरायचा. जरा विरतो न विरतो तोच पुन्हा रविवार. आत्याबाई फक्त पाणी ओतून जागा पुसून घ्यायची. ओरडणं नाही, हळहळ नाही. ओल्या फडक्याचा आवाज तेवढा.

"सज्जात करा ना साफ," मी एकदा भावोजींना म्हटलं.

"सज्जात चाळीस पोरं आहेत. एकाने जरी चाप ओढला तर?"

"त्यात काडतूस नसतं ना?"

"काडतूस नसतं हे मला ठाऊक. पोरांच्या आयांना ठाऊक नाही." एवढं बोलून ते पुन्हा नळीत गज चालवायला लागले. पलटणीतल्या माणसासारखे, एक-दोन, एक-दोन, भिंतीकडे बघत. मला वाटतं, वास त्यांना येतच नव्हता.

नोकरी काही मिळत नव्हती, तेव्हा मी तेल शोधायला लागलो. नक्कल करून कोणी हसत नाही म्हटल्यावर माणसाने काहीतरी करायला हवं.

अर्धा वास तर फुकटात गेला. गिरणीच्या बॉयलरवरचा आगवाला आमच्याच बाजूचा, कुडाळचा. त्याला मी त्याच्याच जॉबरची, म्हणजे मुकादमाची, शिवी त्याच्याच आवाजात ऐकवली. त्यावर तो राजी झाला. रविवारी बॉयलर थंड करून धुवायचं काम त्याच्याकडे असे, गरम पाणी हवं तेवढं. खाजणातून परतताना भावोजी तिथे नळ्या काढत, आम्ही गरम पाणी ओतत ओतत काळं सगळं गटारात सोडत असू, पाणी स्वच्छ येईपर्यंत. लोखंड तापलेलं असलं की आपसूक वाळतं. घासलेट लागलंच नाही. तेलही तिथेच द्यावं तर कोळशाची भुकटी. तेलकट नळीवर ती अशी बसते की खरवडून काढावी लागते. म्हणून तेल घरी. आता राहिलं एकटं तेल.

त्याची परीक्षा घ्यायला माझ्याकडे ताईचं नाक होतं. त्या दिवसांत ते नाक म्हणजे काय विचारता. खाली गल्लीत कोणी विडी पेटवली तरी तिला वर कळायचं. मी चिंधीला थेंब लावून तिच्यासमोर धरायचो. ती डोळे मिटायची. मग मान हलवायची, किंवा उठून मोरीकडे जायची. बोलणं नाही.

खोबरेल पहिलं. खोबरेलाला तिने मान हलवली, म्हणजे चालेल. भावोजीही म्हणाले, घरातच आहे, बरं झालं. दोन रविवार छान गेले. मग थंडी पडली. थंडीत खोबरेलाचं काय होतं हे सकाळी बाटली चुलीजवळ ठेवणाऱ्या प्रत्येक बाईला माहीत आहे, फक्त आम्हा दोघांच्या डोक्यात आलं नाही. पहाटे खाजणात साहेबाने नेम धरला, चाप ओढला, आणि आत सगळं गोठलेलं. पाखरू साहेबाकडे बघून गेलं म्हणे. साहेब जे काही इंग्रजीत बोलला ते भावोजींनी मला शब्द न कळता जसंच्या तसं सांगितलं, आणि ती नक्कल माझ्यापेक्षा चांगली होती. पण ते नक्कल करत नव्हते, नुसते सांगत होते.

तिळाचं तेल गोठत नाही, पण चापाच्या आतल्या कमानीवर, म्हणजे स्प्रिंगवर, चिकट धरतं आणि आठवड्याने खवट येतं. ताई मोरीकडे. एरंडेल तर बाटलीचं बूच काढल्याबरोबर बाद, लहानपणी आई नाक दाबून पाजायची ते तिला आठवलं असणार. मग मला अक्कल सुचली. मुशीच्याच तेलात केवड्याचं अत्तर घातलं. ताईचं जे झालं ते झालंच, पण मंगळवारी साहेबाने भावोजींना बोलावून विचारलं की माझी बंदूक तू कोणाच्या घरी ठेवतोस. सोमवारी परत नेल्यावर ती मडमेने हुंगली होती. साहेब रविवारी नेमका जातो कुठे, असं तिने त्याला रात्रभर विचारलं होतं. साहेब म्हणाला, पुन्हा असला प्रकार झाला तर फाटकावर दुसरा माणूस बघीन.

हे भावोजींनी जेवताना सांगितलं. मी ताईच्या ताटाकडे बघत होतो. भात तसाच होता. तिची मनगटं आगपेटीतल्या काड्यांसारखी झाली होती. आत्याबाईने ताट उचललं, भात कावळ्याला घातला. मला वाटलं आता मला काहीतरी वाटेल. पण मी उठून हात धुतले आणि सज्जात उभा राहून समोरच्या चाळीतल्या एका म्हाताऱ्याचं शिंकणं पाठ करत बसलो.

वैद्याकडून मोरावळा आणि सुंठेची पुडी आणायला मी ठाकूरद्वारला जात असे. वैद्याच्या दुकानाला लागून एका पारशी घड्याळजीचं दुकान होतं. एके दिवशी वैद्य पूजेला बसलेला, म्हणून मी घड्याळजीच्या फळीला टेकून उभा राहिलो. डोळ्यात भिंग अडकवून तो एका भिंतीच्या घड्याळाच्या चाकांना तेल देत होता. टाचणीच्या टोकावर थेंब, चाकाच्या कानात टाचणी, पुन्हा थेंब. तेल इतकं निर्मळ की पाणीच वाटावं. मी नाक पुढे नेलं.

"काय सुंघते? लाडू हाय?" तो भिंग न काढता म्हणाला.

"शेठ, ह्याला वास नाही?"

"वास कशाला पायजे? घड्याळला काय नाक हाय?"

"थंडीत गोठतं?"

"गोठेल तर मुंबईमां बारा वाजेल कसा?"

मी त्याला बंदुकीचं सांगितलं, ताईचं नाही. तो म्हणाला, लोखंड ते लोखंड, चालेल. मग मी त्याला शेजारचा वैद्य नाडी बघताना डोळे कसे फिरवतो ते करून दाखवलं. त्याचं भिंग हसून हसून खाली पडलं. देवळाच्या घड्याळासाठी ठेवलेल्या मोठ्या बाटलीतलं त्याने मला एका औषधाच्या बाटलीत ओतून दिलं आणि म्हणाला, संपल्यावर ये, तेव्हा भटजीची कर.

कशाचं तेल आहे, हे मी विचारलं नाही. विचारायचं डोक्यातच आलं नाही. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं की वाईट वस्तूला वास येतो. चरबी असेल तर दरवळेल, मासा असेल तर सांगेल. ज्याला वास नाही ते सोवळं. पाणी सोवळं असतं तसं.

घरी येऊन चिंधी ताईसमोर धरली. तिने डोळे मिटले.

"कोरडी चिंधी कशाला आणलीस रे?" ती म्हणाली.

कित्येक आठवड्यांनंतर एवढं लांब वाक्य.

आत्याबाईने बाटली हातात घेऊन उन्हात धरली, बूच काढून हुंगली. "गंगेचा पाणी जसा," म्हणाली, आणि बाटली देवाच्या फळीवर ठेवली, चाळीतल्या पोरांच्या हाताला लागू नये म्हणून. तांब्याच्या गडव्याशेजारी. ती तिथेच राहायला लागली. रविवारी संध्याकाळी भावोजी ती उतरवत, नळीतून चिंधी फिरवत, दोन थेंब चापाच्या कमानीत, आणि परत वर.

ताईच्या पोटात अन्न ठरायला लागलं. आधी पेज, मग भात, मग एके दिवशी तिने कोळणीच्या टोपलीतून स्वतः बांगडा उचलला. पाचवा महिना लागला आणि सरला. कोणी काही बोललं नाही. आत्याबाई भाकरी वाढताना दोन वाढायला लागली, तेवढंच. साहेबाने भावोजींना शाबासकी दिली, बंदूक अशी फिरत नव्हती म्हणाला. मला एका छापखान्यात खिळे जुळवायचं काम लागलं. सगळं ठीक चाललं होतं, म्हणजे श्वास रोखून का होईना, काही बिघडलं नव्हतं, एवढ्या अर्थाने ठीक.

बाटली संपत आली तेव्हा मी घड्याळजीकडे गेलो. भटजीची नक्कल केली, त्याने बाटली भरली. मी सहज म्हटलं, "शेठ, एवढं सुंदर तेल कोणत्या फुलाचं?"

"फूल?" त्याने भिंग काढून मी वेडा असल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. "अरे गांडा, गायच्या पायचं तेल हाय. विलायतमां खुर उकळे, वर आवे ते लिये, बरफमां ठंडा करे, गाळे, पाछा गाळे. मग वास कुठून रहेवानो?"

मी बाटली घेतली आणि घोडपदेवपर्यंत चालत आलो. वाटेत विचार केला की नाही ते आठवत नाही. बाटली खिशात होती. गोठा दिसला तेव्हा रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने गेलो, एवढं आठवतं. कोणाला सांगायचं नाही, असं ठरलं होतं, म्हणजे माझं माझ्याशी. बाटली फळीवर ठेवताना गडवा जरा लांब सरकवला.

त्या दिवशी सगळे जेवायला बसले होते. ताई आमटीभात कालवत होती. ती म्हणाली, "तो घड्याळजी कसा आहे रे? सारखा त्याच्याकडे जातोस."

तिने मला काहीतरी करून दाखव असं सुचवायची ही मुंबईत आल्यापासूनची पहिली वेळ. मी ताट बाजूला सारलं. सुपारी डोळ्याशी धरून भिंग केलं, पाठ वाकवली, आणि घड्याळजी झालो. लाडू हाय? केलं. घड्याळला काय नाक हाय? केलं. ताईच्या ओठाचा कोपरा हलला. मग ती हसली. आवाज न करता, खांद्यांनी. भावोजी तिच्याकडे बघत राहिले. आत्याबाई चुलीकडे तोंड करून बसली होती, तीही वळली.

आता नक्कल करणाऱ्याचं एक असतं. समोरचं माणूस हसलं की थांबता येत नाही. आणि माझं तर असं की एकदा आवाज लागला की त्या माणसाने बोललेलं सगळं त्याच क्रमाने बाहेर पडतं, मला मध्ये काही गाळता येत नाही. मी हात वर केला, भिंग काढलं आणि त्याच्या सुरात म्हणालो, "फूल? अरे गांडा, गायच्या पायचं तेल हाय. विलायतमां खुर उकळे..."

'पाछा गाळे'पर्यंत गेलो. मग मला माझाच आवाज ऐकू आला.

आत्याबाईची नजर फळीवर गेली, बाटलीवर, गडव्यावर, देवांवर, अशी एकेक करत. भावोजींनी डोळे खाली घातले. पलटणीत बंदुकीला काय काय लावतात, हे त्यांना माहीत नसेल असं मला वाटत नाही.

मी ताईकडे बघत होतो. तिचा घास हातात होता, ताटापासून वीतभर वर. मी तिच्या गळ्याकडे बघत होतो, तिथे नेहमी आधी हालचाल व्हायची. तिने घासाकडे पाहिलं. मग तो तोंडात घातला, चावला, गिळला. आणि पुढचा कालवायला घेतला.

"ताक आहे का?" ती म्हणाली.

आत्याबाईने तिला ताक वाढलं. सावकाश, न सांडता. वाटी भरल्यावर तांब्या खाली ठेवला, आणि मग माझ्याकडे वळली. या घरात मी कोणाला मोठ्याने बोलताना ऐकलं नव्हतं. आवाज एवढा होता की सज्जातली पोरं दारात येऊन उभी राहिली.

"मेल्या, तुका शाळेत घातलंनी ता कित्याक? बाटलीत काय आसा म्हणान विचारूक तोंड नाय व्हता? नको थंय तोंड चलता तुजा. देवाच्या फळयेर ठेवलंय मी ती, माज्या हातान. रोज हात जोडलंय तिच्यासमोर. आता माजे देव खंय न्हेव मी, सांग, समिंदरात? आणि कळला तर कळला, पोटात ठेवूक येत नाय तुका? घड्याळजी व्हतोस? कोण सांगी होता तुका घड्याळजी व्हवूक? गप बस, हसतंस काय, मी काय नक्कल करतंय? उद्या सकाळी नळावर जा, डोक्यावरसून न्हा, भटाकडसून पंचगव्य हाड, पयला तू पी, मगे सगळ्यांका दी. फळी शेणान सारव. आणि ती बाटली उचल, आत्ताच, तुजो बाप येतलो उचलूक? बाहेर टाकू नको, मेल्या, टाकतंस खंय? जिन्याखाली ठेव, फडक्यात गुंडाळून. ऐतवारी थंयच बसान तूच लाव ती बंदुकीक, पोरांका लांब ठेव, माज्या झिलाक, तुज्या भावोजीक, त्यात घालू नको. हात धुतल्याबिगर उंबरो ओलांडलंस तर तंगडी मोडीन. आणि ह्या माकडचाळ्यांका आता बास. पोर जल्माक येतला ता पयला तुका बघतला, तुज्यासारखा तोंड वेंगाडूक शिकला तर तुज्याच गळ्यात बांधीन, आणि पाठवीन दोघांकय वेंगुर्ल्याक, त्याच बोटीन."